संगणकाच्या आज्ञा कुणाच्या मालकीच्या?

संगणकावर आपण जो प्रोग्रॅम चालवतो, तो अखेर आकड्यांच्या रूपातच प्रोसेसरपर्यंत पोहोचतो. कोणत्या आकड्याचा अर्थ कोणती आज्ञा, हे त्या प्रोसेसरच्या रचनेतच ठरलेले असते. उदाहरणार्थ, १४४ ही संख्या आज्ञा म्हणून मिळाली, की इंटेल कंपनीचा १९७८ सालचा ८०८६ हा प्रोसेसर काहीही न करता पुढच्या आज्ञेकडे वळतो. त्याच कंपनीचा आधीचा ८०८० मात्र हीच संख्या मिळताच वजाबाकी करतो! अशा सर्व आज्ञांच्या समूहाला ‘आज्ञासंच’ म्हणतात. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांमधील चुरशीचे मूळ या आज्ञासंचात आहे.

दोन्ही कंपन्यांचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल स्थापन केली. पुढच्याच वर्षी जेरी सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एएमडी काढली. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ८०८६ चे धाकटे भावंड, ८०८८, निवडले. परंतु एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे आयबीएमला नको होते. म्हणून १९८२ मध्ये इंटेल व एएमडी यांच्यात करार झाला आणि तेच प्रोसेसर एएमडीही बनवू लागली.

पुढे या आज्ञासंचासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांचा साठा वाढत गेला. ग्राहकाला हे प्रोग्रॅम चालवायचे, तर त्याच जातीचा प्रोसेसर घेणे भाग होते. साहजिकच १९८५ मध्ये ३८६ तयार झाल्यावर इंटेलने त्याची रचना एएमडीला देण्याचे नाकारले. वाद १९८७ मध्ये लवादापुढे गेला. तो चालू असतानाच, १९९१ मध्ये, एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. त्याची गती ४० मेगाहर्ट्‌झ होती. इंटेलचा सर्वांत वेगवान ३८६ मात्र ३३ मेगाहर्ट्‌झचा होता. नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही, असेही न्यायालयात ठरले. त्यामुळे १९९३ मध्ये इंटेलच्या नव्या प्रोसेसरला ‘५८६’ हे नाव न मिळता ‘पेंटियम’ हे नाव मिळाले. पेंटियमच्या निर्मितीत मोठा वाटा असलेले, पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम पुढे एएमडीच्या के-६ या प्रोसेसरच्या कामातही होते.

खरी कलाटणी यानंतर मिळाली. ३२ बिटांच्या पत्त्यांनी स्मृतीतील ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे सुमारे ४ गिगाबाइट, एवढ्याच जागा दाखवता येतात. ही मर्यादा ओलांडण्यासाठी इंटेलने इटॅनियम या प्रोसेसरात अगदी नवा आज्ञासंच आणला. त्यावर जुने प्रोग्रॅम मंदगतीने चालत. एएमडीने मात्र २००३ मध्ये जुना आज्ञासंच तसाच ठेवून त्याला ६४ बिटांची जोड दिली. ग्राहकांना जुने प्रोग्रॅम टाकून द्यायचे नव्हते. अखेर २००४ मध्ये इंटेललाही एएमडीचाच मार्ग स्वीकारावा लागला.

ही चुरस नेहमीच सरळ मार्गाने चालली असे नाही. अयोग्य व्यापारी प्रथांच्या आरोपांवरून झालेला दावा मिटवताना २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर दिले. तरीही दुसरा उत्पादक टिकला, म्हणून ग्राहकांपुढे पर्याय राहिला. एखादे तंत्र सर्वांच्या सवयीचे झाले, की त्यावर मूळ निर्मात्याचा हक्क किती आणि समाजाचा किती, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. दोन्ही कंपन्यांच्या आजच्या प्रोसेसरांवर १४४ या आज्ञेचा अर्थ मात्र १९७८ मध्ये होता तोच आहे.