गोपुरी : हाताने सुरू झालेली आणि शब्दाने पसरलेली चळवळ

कणकवली हे नाव उच्चारताच बाहेरगावच्या माणसाला मुंबई-गोवा महामार्ग आठवतो, कोकण रेल्वेचे स्थानक आठवते, परमहंस भालचंद्र महाराजांचा आश्रम आठवतो. गड नदीच्या काठी वागदे येथे वसलेली गोपुरी मात्र पुष्कळांना केवळ नावाने ठाऊक असते. एकेकाळी देशाच्या कानाकोपऱ्यांतील कार्यकर्त्यांना कणकवलीची ओळख होती ती या गोपुरीमुळेच. १९४८ साली येथे आश्रम स्थापन करणारे कै. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांना लोकांनी ‘कोकणचे गांधी’ ही पदवी दिली. ती त्यांच्या पोशाखामुळे मिळालेली नव्हती. समाजाने ज्या कामांकडे पाठ फिरवली होती, ती कामे या माणसाने स्वतःच्या हातांनी केली, इतरांना शिकवली आणि त्यांची हकिकत गावोगावी पोहोचवली. एका माणसाचे व्रत पुष्कळांची चळवळ कसे होते, याचा पाठ आपल्या गावाच्या वेशीवरच घालून दिलेला आहे.

रत्नागिरीचा तुरुंग

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी कणकवलीसह हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. उच्च शिक्षण घेतलेल्या या तरुणापुढे प्रतिष्ठेच्या नोकरीचा मार्ग मोकळा होता. त्यांनी महात्मा गांधींचा मार्ग पत्करला आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या पर्वात तुरुंगवासही पत्करला.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातील शौचकूप साफ करण्याचे काम त्या काळी ठराविक जातीच्या कैद्यांनाच दिले जाई. बाहेरच्या समाजातील उतरंड सरकारने तुरुंगाच्या नियमांत जशीच्या तशी उतरवली होती. हे काम आपल्याला मिळावे, अशी मागणी अप्पासाहेबांनी केली. आपण सवर्ण आहोत या कारणासाठी ते नाकारले जाणे त्यांना मान्य नव्हते. परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी अन्नाचा त्याग केला. ही वार्ता येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या कानी गेली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही अप्पासाहेबांच्या समर्थनार्थ उपोषण आरंभिले. पुणे करारासाठीचे त्यांचे मोठे उपोषण सुटून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी गांधीजींनी उपोषण सोडले.

या प्रसंगाचे मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. तुरुंगात मनुष्य आपली सुटका मागतो, बरे अन्न मागतो, वाचायला पुस्तके मागतो. या कैद्याने मैला उचलण्याचा हक्क मागितला. त्या एका मागणीने कोकणातील एका कोठडीतला प्रश्न साऱ्या देशाचा झाला.

महाडचा ठराव आणि कोकणातील गुरे

या घटनेच्या पाच वर्षे आधी, मार्च १९२७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे परिषद भरली होती. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेतील एका ठरावाने सवर्ण समाजाला काही आवाहने केली होती. त्यांतील एक असे की, सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. मृत जनावर ओढून नेणे आणि त्याचे मांस खाणे या गोष्टींनी माणसाला कायमचे खाली ढकलले जाते, हे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना परखडपणे सांगितले होते. दलित समाजाने हे काम सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेक गावांत त्याच्यावर बहिष्कार पडले. गुरे सवर्णांची आणि ती ओढण्याची सक्ती मात्र दुसऱ्यावर, हा अन्याय त्या वेळी उघड झाला.

महाडच्या ठरावाला सवर्णांकडून कृतीने उत्तर देणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. अप्पासाहेब त्यांच्यापैकी एक होते. त्यांनी मृत जनावरांची कातडी सोडवण्याचे व कमावण्याचे काम हाती घेतले. सवर्णांच्या दृष्टीने यापरते अधःपतन नव्हते. ज्याच्या हातची संध्या-पूजा समाजाला अपेक्षित होती, त्याच्या हाती कातडे सोडवण्याची सुरी आली.

जैन वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. पांजरपोळ ही आपल्या समाजाची जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. वृद्ध, लंगडी, दूध आटलेली गुरे तेथे सुखाने जगतात आणि स्वाभाविक मरणाने मरतात. त्यांच्या चाऱ्यासाठी दान देणाऱ्यांची नावे फलकांवर कोरली जातात. गुराने शेवटचा श्वास घेतल्यानंतर त्याला उचलणाऱ्याचे नाव कोणत्या फलकावर असते? जिवंत प्राण्यावरील करुणा आणि मृत प्राण्याला उचलणाऱ्या माणसाविषयीची घृणा, या दोन गोष्टी एकाच मनात राहू शकतात काय, हा प्रश्न अप्पासाहेबांच्या कामाने विचारला.

या कामाची एक बाजू तर थेट अहिंसेची आहे. कसाईखान्यातील कातड्यासाठी जिवाची हत्या होते. स्वाभाविक मरण आलेल्या जनावराचे कातडे वापरात आले, तर तेवढी हत्येची गरज कमी होते. कातड्याची पादत्राणे व्हावीत आणि हाडामांसाचे खत शेतात जावे, यात कोणाही जिवाची हिंसा नाही. गांधीजींच्या गोसेवेच्या कल्पनेत मृत जनावराच्या चामड्याचा आग्रह होता तो याच विचाराने.

गोपुरीतील प्रयोग

स्वातंत्र्यानंतर या विचारांना घर मिळाले ते कणकवलीस. गोपुरीत शेती, गोपालन, चर्मोद्योग आणि सफाई ही कामे एकाच विचाराने एकत्र गुंफली गेली. त्यांतील सर्वांत दूरवर गेलेले काम म्हणजे संडासाचे.

मैला डोक्यावरून वाहण्याची प्रथा केवळ उपदेशाने बंद होणार नाही, ही अप्पासाहेबांची धारणा होती. संडासाची रचनाच अशी असावी की ताजा मैला उचलण्याची वेळ कोणावरही येऊ नये. ‘गोपुरी संडास’ या नावाने जी रचना ओळखली गेली, तिचे तत्त्व सोपे होते. दोन कप्पे आळीपाळीने वापरायचे. मैल्यावर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयास घ्यायचा. मधल्या काही महिन्यांत पहिल्या कप्प्यातील मैल्याचे खत होते. त्याला दुर्गंधी उरत नाही आणि शेतकरी ते आनंदाने शेतात नेतो. जी वस्तू एका जातीच्या माथी मारलेली घाण होती, ती शेताचे धन झाली.

हिशेबी माणसाला यातील शहाणपण लगेच उमगेल. कोकणातील डोंगरउताराची जमीन दर पावसाळ्यात धुपते आणि खताची वाण नेहमीची. अशा मुलखात प्रत्येक घर रोज खत निर्माण करते आणि ते वाया घालवते, ही तूट अप्पासाहेबांनी दाखवून दिली. भंगीमुक्तीची चळवळ त्यांनी दयेवर उभी न करता शास्त्र, शेती आणि स्वाभिमान यांवर उभी केली.

शब्दांचे काम

केवळ हातांनी केलेले काम एका गावापुरते राहते. ते पसरण्यासाठी शब्द लागतो. अप्पासाहेबांनी लेखणीही तितक्याच निष्ठेने चालवली. गांधीजींची आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकातून गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा मराठी अनुवाद अप्पासाहेबांनी केला. महाराष्ट्रातील हजारो घरांत ‘सत्याचे प्रयोग’ पोहोचले ते या अनुवादाने. पुढे त्यांनी ‘माझी जीवनयात्रा’ हे आत्मचरित्रही लिहिले.

त्या आत्मकथेत ‘रायचंदभाई’ या नावाचे एक प्रकरण आहे, हे येथे अवश्य नमूद केले पाहिजे. श्रीमद् राजचंद्र हे मुंबईच्या जवाहिरे बाजारातील व्यापारी आणि अंतर्यामी आत्मशोधक होते. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या तरुण गांधींची त्यांच्याशी भेट झाली आणि त्या परिचयाचा ठसा गांधीजींच्या मनावर कायम राहिला. हिऱ्यामोत्यांचा सौदा पुरा होताच हा व्यापारी धर्मचिंतनाची वही उघडीत असे. एका जैन व्यापाऱ्याचे हे चित्र मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचवणारे हात कातडे सोडवणाऱ्या, मैला साफ करणाऱ्या कोकणी माणसाचे होते. सत्कथा कोणत्या वाटेने कोणाच्या घरी पोहोचेल, याचा नेम नसतो.

एका वस्त्राचे अनेक धागे

अप्पासाहेब एकटे नव्हते. ज्या काळात ते कोकणात राबत होते, त्याच काळात महाराष्ट्रभर असे धागे विणले जात होते. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही, दिले. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांची मने झाडीत. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून आधी महाराष्ट्र पिंजून काढला आणि मग मे १९४७ मध्ये उपोषण केले.

या सर्वांची पद्धत पाहिली की एक समान सूत्र सापडते. प्रथम स्वतः कृती, नंतर तिची कथा, त्यानंतर ती ऐकणाऱ्यांचे जाळे. हा क्रम उलटा केला तर व्याख्याने पुष्कळ होतात आणि झाडू कोपऱ्यातच राहतो.

पेरलेले आणि उगवलेले

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेबांचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात राज्यात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१६ साली देशातील ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्गाने पहिला क्रमांक मिळवला. त्या यशात शासनाचा, ग्रामपंचायतींचा आणि गावोगावच्या भगिनींचा वाटा मोठा आहे. परंतु संडास हा लाजेचा विषय नसून विचाराचा विषय आहे, हे या मातीला प्रथम गोपुरीने सांगितले, हे विसरून चालणार नाही.

काम मात्र पुरे झालेले नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा झाला. बेझवाडा विल्सन यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने गावोगावचे कामगार जोडले, त्यांच्या हकिकती गोळा केल्या आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. तरीही शहरांच्या गटारांत उतरलेली माणसे गुदमरून मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. भरपाईचा आकडा वाढावा लागतो, याचाच अर्थ मरणे थांबलेली नाहीत.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात देणग्यांची, इमारतींची आणि कार्यक्रमांची नोंद होणे योग्यच आहे. त्याबरोबर आपल्या धर्मस्थानांचे, दुकानांचे, घरांचे आवार रोज पहाटे कोण झाडते, तुंबलेले गटार कोण मोकळे करते, त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, याचीही नोंद व्हावी. गोपुरी कणकवलीच्या बाजारपेठेपासून फार दूर नाही. कुटुंबातील मुलांना घेऊन एकदा तेथे जावे आणि त्यांना ही हकिकत सांगावी. मात्र सांगण्यापूर्वी आपल्या अंगणातला झाडू एकदा स्वतः हाती घ्यावा. अप्पासाहेबांच्या शब्दाला वजन आले ते त्यांच्या हातांमुळे.