सतरा सप्टेंबरचा पूर्ण जमाखर्च



युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की प्रत्येक ग्रुपवर एकच विचारणा होते, तुम्ही देशाच्या बाजूने आहात की नाही? कुणी जरा वेगळा प्रश्न केला की त्याच्या देशप्रेमावरच शंका घेतली जाते. मला अशा वेळी आपल्याच शहराचा इतिहास आठवतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपले औरंगाबाद त्या भारतात नव्हते. ते हैदराबाद संस्थानात होते. राज्य निजाम मीर उस्मान अली खान यांचे, नाणे हाली सिक्का, आणि तिरंगा फडकवायला बंदी. स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. म्हणजे कागदावर आपले राज्य निजामाचे होते आणि लोकांचे मन भारतात होते. त्या काळी देशाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे तुरुंग, घरावर हल्ला, कधी मरणही.

लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीने रझाकारांची फौज वाढवली. गावे लुटली गेली, जाळली गेली. कितीतरी कुटुंबे सरहद्दीपलीकडे पळाली. माझ्या सासूबाई त्या दिवसांना नुसते ‘रझाकारी’ म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे कार्यकर्ते लढ्यात होते, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी तर हातात शस्त्र घेतले.

आपला धर्म अहिंसेचा, मग याला काय म्हणायचे? आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वतःचे, कुटुंबाचे, देशाचे रक्षण करताना होते ती विरोधी हिंसा. ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण ठरवून, सूड म्हणून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडलीच पाहिजे. हा फरक मला पुढचा इतिहास वाचताना फार उपयोगी पडला.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. आपली मोठी माणसे त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. पाच दिवसांत, १७ तारखेला, निजामाने हार मानली. मराठवाडा मुक्त झाला. त्या वर्षी हे दिवस नेमके भाद्रपद शुद्ध पक्षात, दशलक्षण पर्वात आले होते.

पण त्यानंतर काय झाले, हे आपल्या पाठ्यपुस्तकात मी तरी वाचले नव्हते. रझाकारांचा राग साध्या मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांनी कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक. या आकड्यांवर आजही वाद आहे. अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, त्यात काहींचा स्वतःचा जीव गेला. पळवलेल्या बायकांना सोडवायला कितीतरी हिंदू पुढे आले. मला विचाराल तर या माणसांनीही भारताचीच बाजू घेतली होती. आपल्याला जो देश हवा होता, तो त्यांनी त्या दिवशी आपल्या दारात सांभाळला.

आणि शोएबुल्ला खान यांना कसे विसरायचे? ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबादने भारतात यावे असे त्यांनी उघड लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते. नाव आणि धर्म पाहून बाजू ठरवणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरे आहे.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. फक्त जमेची बाजू लिहिलेल्या वहीला कुणी हिशेब म्हणत नाही. १७ सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन होते, तेव्हा माझाही ऊर भरून येतो. मुक्ती हवीच होती, ती मिळाली, याचा मला आनंद आहे. पण त्या विजयाच्या नावाखाली जे निष्पाप गेले, तेही याच मातीतले होते. त्यांची नोंद ठेवली म्हणून देशप्रेम कमी होत नाही.

पर्व संपले की आपण क्षमावाणी करतो, ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा नातवंडांना मुक्तिसंग्राम सांगाल तेव्हा रामानंद तीर्थ सांगा, दगडाबाई सांगा, शोएबुल्ला सांगा आणि ते विणकरही सांगा. पुढे कधी त्यांना कुणी ‘बाजू कोणती?’ विचारले, तर त्यांच्याजवळ उत्तर असेल.