दीडशे फुले, एक आलेख

१/ ‘आर’ ही सांख्यिकीय संगणकप्रणाली शिकणाऱ्या बहुतेकांच्या हातून ‘आयरिस’ नावाची एक सारणी जाते. १५० फुले, तीन जाती, चार मोजमापे. अनेक स्कॅटरप्लॉट एकाच चित्रात कसे बसवावेत, याचा पहिला धडा पुष्कळदा तिच्यावरच गिरवला जातो. आजचा थ्रेड या फुलांविषयी.

२/ मोजमापे एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाची. प्रसिद्धी मात्र रॉनल्ड फिशर यांच्या १९३६ च्या लेखामुळे. तो छापला गेला ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्राच्या नियतकालिकात. या वारशामुळेच काही शिक्षक आता अंटार्क्टिकातील पेंग्विनांची सारणी पसंत करतात. मला स्वतःला आयरिस टाकून देण्यापेक्षा तिचा इतिहास सांगून शिकवणे अधिक योग्य वाटते.

३/ संदलाची लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी, अशा चार मोजमापांच्या जोड्या होतात सहा. ‘पेअर्स’ ही एकच आज्ञा त्या सहाही जोड्या चार बाय चारच्या चौकटीत मांडते. कर्णावर मोजमापांची नावे येतात आणि प्रत्येक जोडी अक्ष बदलून दोनदा दिसते. एका ओळीतील सर्व आलेखांचे उभे माप सारखे, एका स्तंभातील आडवे माप सारखे. त्यामुळे नजर एका घरातून दुसऱ्या घरात सरळ सरकू शकते. सहा सुटे आलेख कागदावर शेजारी-शेजारी चिकटवून हे साधत नाही, कारण प्रत्येकाचे माप निराळे असू शकते.

४/ आता संदलाच्या लांबी-रुंदीचे घर पाहा. सगळे ठिपके काळे ठेवले तर सहसंबंध उणे ०.१२ येतो. संदल जितके लांब तितके किंचित अरुंद, असा भास होतो. जातीनुसार तीन रंग द्या आणि तेच ठिपके उलट बोलू लागतात: सेटोसा ०.७४, व्हर्सिकलर ०.५३, व्हर्जिनिका ०.४६. प्रत्येक जातीत लांबीबरोबर रुंदी वाढतेच आहे. सेटोसाची संदले आखूड पण रुंद असल्याने तिचा पुंजका वर डावीकडे बसतो आणि एकूण कल खाली झुकतो. एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या लेखामुळे या प्रकाराला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. जॉर्ज उडनी यूल यांनी तो १९०३ मध्येच नोंदवला होता.

५/ एम.ए.च्या प्रबंधात मीही हेच केले होते. तीन तालुक्यांतील पर्जन्यमान आणि ज्वारीचे भाव, सर्व ठिपके एकाच रंगात. मार्गदर्शकांनी एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, “हा कुठला?” मला सांगता आले नाही. प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

६/ आणि रंग दिल्यानंतरही एक गोष्ट उरते. फिशर यांनी लेखातच नमूद केले आहे की सेटोसा आणि व्हर्सिकलर एकाच वसाहतीत शेजारी-शेजारी वाढलेली होती. व्हर्जिनिकाचा नमुना त्या वसाहतीतला नव्हता. म्हणजे व्हर्जिनिका वेगळी दिसते त्यात जातीचा वाटा किती आणि जागेचा किती, हे या आलेखातून वेगळे काढता येत नाही. ‘आर’मधील सारणीत पाच स्तंभ आहेत: चार मोजमापांचे, एक जातीचा. फूल कुठे खुडले, याचा स्तंभ तिच्यात नाही.