तात्पर्याच्या अलीकडे

पंतोजींच्या शाळेत गोष्ट नव्हती. धूळपाटीवर बोट फिरवून ओनामा गिरवावा, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे सायंकाळी एका सुरात घोकावेत, आणि हात बसला की कोणाच्या तरी घरच्या रुमालातून काढलेली जुनी मोडी पत्रे वाचावयास घ्यावीत, एवढ्यावर तेथील अभ्यासक्रम आटोपत असे. कारण तेथून बाहेर पडणारा मुलगा कुळकर्ण्याच्या दफ्तरात किंवा सावकाराच्या पेढीवर बसावयाचा, आणि तेथे त्याला वसूल, बाकी आणि 'विज्ञापना ऐसी जे' यांपलीकडे फारसे काही वाचावयाचे नव्हते.

म्हणून त्या काळची मुले कथेला पारखी होती असे मात्र नव्हे. कथा त्यांना देवळाच्या ओवरीत भेटत असे. चातुर्मासात श्रीधराचा 'पांडवप्रताप' लागला म्हणजे एकाने ओवी वाचावी आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सांगावा अशी वहिवाट होती, आणि मध्येच एखाद्या म्हातारीने "मग कुंतीने तेव्हाच का नाही हो सांगितले?" असे विचारले, की पुराणिकबुवांना पोथीवर बोट ठेवून थांबणे भाग पडे. आकलन शिकविण्याची याहून चोख रीत मला अद्याप आढळलेली नाही. दुर्दैव इतकेच, की पुढे शाळेत छापील पुस्तक आले आणि ही म्हातारी ओवरीतच राहिली.

पुस्तकाचे आगमन तसे दोन दिशांनी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या कथा 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत अवतरल्या. परंतु तंजावर दूर, आणि तेथील मराठीही दूरचीच. महाराष्ट्रातील शाळांपर्यंत गोष्ट पोचली ती मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या द्वारे. मंडळीचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही दोन पुस्तके मराठीत आणली. पैकी पहिल्याचे मूळ बर्क्वँ या फ्रेंच लेखकाच्या लेखनात होते आणि ते आपल्याकडे इंग्रजीवाटे आले. मोडी पत्रांनी डोळे शिणलेल्या मुलापुढे कोल्हा, करकोचा आणि सिंह येऊन उभे राहिले, हे काही लहानसहान स्थित्यंतर नव्हे.

तथापि या प्राण्यांच्या मागोमाग तात्पर्यही आले. गोष्ट संपली की खाली निराळ्या परिच्छेदात ते ठाण मांडून बसे, आणि तेव्हापासून आपल्या शाळेत 'गोष्ट कळणे' म्हणजे 'तात्पर्य येणे' असा बरहुकूम अर्थ रूढ झाला. वास्तविक तात्पर्य हे वाचकाने शेवटी पोचावयाचे ठिकाण. ते अगोदरच छापून हाती दिल्यावर मुलाने वाट कशासाठी चालावी?

याउलट एक उपकार मात्र आपण विसरून गेलो आहोत. जुन्या लेखनात शब्द एकमेकांस चिकटलेले, आणि विराम म्हणावा तर एखाददुसरा दंड. लांडगा कोठे बोलू लागला आणि कोकरू कोठे उत्तर देऊ लागले हे कळावयास वाचणाऱ्याजवळ मुळातच तयारी हवी. शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांचा मराठीत पुरस्कार केला, तेव्हा अवतरणचिन्हांनी कोकराला त्याचा आवाज दिला आणि प्रश्नचिन्हाने लांडग्याच्या कांगाव्यातील कपट कागदावर उमटविले. बालवाचकासाठी कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने याहून अधिक काही केले असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

१८५५ साली शिक्षणखाते निघाले, क्रमिक पुस्तके आली, आणि त्यांच्यासमवेत डेप्युटीसाहेबांची स्वारी आली. तपासणीच्या दिवशी शेणाने सारवलेल्या शाळेत पागोटे सावरीत उभे असलेले मास्तर, आणि 'लांडगा म्हणजे एक हिंस्र श्वापद' असे श्वास न घेता सांगणारा मुलगा! ज्याच्या वाडीत प्रतिवर्षी लांडगा शेळ्या नेतो त्या मुलाने लांडग्याचा अर्थ 'श्वापद' या त्याहून अवघड शब्दाने सांगावा, आणि साहेबांनी शेरेबुकात 'वाचन ठीक' असा शेरा मारावा, हा प्रकार दोन पिढ्या निर्वेध चालला.

त्याला धक्का बसला तो भावनगरास. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या गोंगाटी वर्गात प्रथम शांततेचा प्रयोग करतो आणि सपशेल फसतो. मग तो गोष्ट सुरू करतो, आणि तीच मुले आपण होऊन गप्प बसतात. पुढे गोष्टीसाठी हपापलेल्या त्याच मुलांच्या हाती तो पुस्तके देतो. अगोदर कान, मग डोळे, हा क्रम त्याने शोधला असे म्हणण्यापेक्षा तो ओवरीतून परत आणला असे मी म्हणेन. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजविला. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली.

आमच्या गावी हे वारे पोचावयास अवकाश होता. दुसरीत आम्ही धडा उघडला की प्रथम पानाच्या तळाशी बोट नेत असू, कारण प्रश्न तेथूनच यावयाचा हे ठाऊक होते. एके दिवशी कोल्ह्याची आणि द्राक्षांची गोष्ट चालली असता, मागच्या ओळीतील एक सहसा न बोलणारा मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, त्यानं खाल्लीच नाहीत तर आंबट कशी कळली?" गुरुजींनी पुस्तकाकडे पाहिले, तळाच्या ठळक ओळीकडे पाहिले, आणि छडी बगलेत घेऊन ते किती तरी वेळ खिडकीबाहेर पाहात राहिले. मग म्हणाले, "बस खाली. उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी गणित घेतले.