हिरोकाझु कानाझावा

हिरोकाझु कानाझावा (३ मे, १९३१ – ८ डिसेंबर, २०१९) हे शोतोकान शैलीचे जपानी कराटे प्रशिक्षक आणि शोतोकान कराटे-दो इंटरनॅशनल फेडरेशन या संस्थेचे संस्थापक होते.

कारकीर्द

ताकुशोकू विद्यापीठात शिकलेले कानाझावा पुढे जपान कराटे असोसिएशनचे प्रशिक्षक झाले. १९५७ सालच्या पहिल्या अखिल जपान स्पर्धेत हाताचे हाड मोडलेले असतानाही त्यांनी कुमिते (लढत) प्रकारात विजेतेपद मिळवले. नंतर त्यांनी हवाई व ब्रिटनमध्ये कराटेचा प्रसार केला.

संघटनेचा त्याग

१९७७ साली त्यांनी असोसिएशन सोडली आणि १९७८ मध्ये स्वतःची संस्था स्थापन केली. तिच्या अभ्यासक्रमात त्यांनी सेयेंचिन, सेइपाई अशा इतर शैलींतील काता (ठरावीक हालचालींचे क्रम) समाविष्ट केल्या.

उत्तराधिकार

असोसिएशनचे मुख्य प्रशिक्षक मासातोशी नाकायामा यांचे १९८७ मध्ये निधन झाल्यावर त्या संघटनेत फूट पडली व वाद न्यायालयात गेला. याउलट, कानाझावा यांनी आपल्या हयातीतच 'कांचो' (प्रमुख) हे पद पुत्र नोबुआकी यांच्याकडे सोपवले. त्यानंतर ते स्वतः 'सोके' या मानाच्या उपाधीने ओळखले जात.