गिरमिट : टिकाऊ टोकयंत्राची निवड

शिसपेन्सिलीला टोक काढण्याचे, हाताने चालवायचे छोटे यंत्र. दुकानात याला शार्पनर म्हणतात, शुद्ध मराठीत टोकयंत्र आणि आजीआजोबांच्या पिढीत गिरमिट. गिरमिट हे मुळात सुताराचे हत्यार, लाकडाला भोक पाडण्याचे. शब्द इंग्रजी ‘गिमलेट’वरून आलेला. पिळले की लाकडाचा कीस बाहेर पडतो, एवढ्या साम्यावर तो पेन्सिलीच्या डबीला चिकटला. गुरुग्रामसारख्या हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द जपून वापरावा लागतो. तिथे गिरमिट म्हटले की करारावर अंगठा उठवून फिजी-मॉरिशसला गेलेले गिरमिटिये आठवतात. हुबळी-धारवाडकडे तर गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांचा चटकदार पदार्थ. क्रियापदही बदलते. दिल्ली परिसरात पेन्सिल ‘छीलतात’, मराठीत पेन्सिलीला टोक काढतात. हिंदीची नजर सालीवर, मराठीची टोकावर. तिकडे वाढणारी मराठी घरांतली मुले ‘पेन्सिल छिलून दे’ असे बोलू लागतात तेव्हा दोन्ही नजरा एका वाक्यात येतात.

ही वस्तू कोणत्या जातीची, हे कळण्यासाठी करखात्याचे कोष्टक पाहावे. वस्तू व सेवा करात पेन्सिलीचा क्रमांक ९६०९ आहे. शार्पनर मात्र तिच्या शेजारी नाही. तो ८२१४ मध्ये, कागद कापायच्या सुऱ्यांच्या पंगतीत बसवलेला आहे. जुलै २०२२ मध्ये सुऱ्या, पाती यांच्यावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला तेव्हा शाळकरी शार्पनरही त्याच फटक्यात सापडला. मार्च २०२३ पासून तो पुन्हा १२ टक्क्यांवर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, वही, खोडरबर यांच्याबरोबर करमुक्त झाला. पालकांना हा प्रवास मजेशीर वाटेल, पण वर्गीकरण चुकलेले नव्हते. शार्पनर ही सुरीच आहे, म्हणून तो निवडायचाही सुरीसारखा : आधी पाते पाहावे, मग मूठ, आणि रंग, चित्र, डबीचा आकार अगदी शेवटी. बाजारात गिऱ्हाईक नेमके याच्या उलट क्रमाने जाते.

पूर्वी सगळे काम चाकूच करी. बोरूला चाकूने तासून, टोकाला तिरपा छेद देऊन मोडीचे कारकून लिहीत. शिसपेन्सिल आली तेव्हा तीही त्याच चाकूखाली गेली. पुढे कित्येक मराठी घरांत दाढीच्या ब्लेडचे अर्धे पान हे पेन्सिलीचे अधिकृत हत्यार होते, आणि बोटाला चिंधी हा त्याचा ठरलेला जोडपदार्थ. टोक काढण्याच्या यंत्राचे पेटंट फ्रेंच गणितज्ञ बेर्नार लासिमॉन यांनी १८२८ मध्ये घेतले. शंकूच्या आकाराचे भोक आणि त्याला चाटून जाणारे पाते ही आजची रचना त्यांचेच देशबंधू थिएरी दे एस्तिव्हो यांच्या १८४७ च्या यंत्रापासून मानतात. अमेरिकेत जॉन ली लव्ह या कृष्णवर्णीय सुताराने १८९७ मध्ये खिशात मावेल अशा, दांडा फिरवून चालणाऱ्या आणि कीस आतच साठवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. धातूच्या छोट्या शार्पनरची पेठ मात्र जर्मनीतील एर्लांगेन हे गाव ठरले. कुम आणि मोबियस-रुपर्ट हे दोन्ही कारखाने तिथलेच. भारतात या धंद्याची दोरी बरीचशी मुंबई आणि तिच्या उत्तरेच्या पट्ट्याकडे राहिली. नटराज आणि अप्सरा ही नावे बाजारात आणणारी हिंदुस्थान पेन्सिल्स १९५८ मध्ये मुंबईत सुरू झाली. डोम्सचे कारखाने पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातच्या उंबरगावात आहेत. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईपासून सुरू केलेला कॅम्लिनचा व्याप कंपासपेटीपर्यंत पोचला. गुरुग्रामच्या सदर बाजारातल्या दुकानदाराच्या बरणीत जे शार्पनर असतात, त्यांतले बरेच अशा रीतीने अरबी समुद्राच्या बाजूने आलेले असतात.

पाते. एका पात्याच्या शार्पनरमध्ये शंकूसारखे भोक असते आणि त्याच्या एका बाजूला चीर पाडून तिच्यावर पोलादी पाते स्क्रूने आवळलेले असते. पात्याची धार शंकूच्या पृष्ठाला जेमतेम स्पर्श करते. पेन्सिल फिरली की ती लाकडाचा पातळ पापुद्रा सलग सोलत जाते. लिहिण्याच्या पेन्सिलीसाठी शंकूचा कोन साधारण २० ते २५ अंशांचा असतो, रंगीत खडूपेन्सिलीसाठी त्याहून बोथट, कारण मेणकट शिसे लांब टोकात उभे राहत नाही. पाते चांगले असेल तर साल पंख्यासारखी अखंड निघते, तिच्या कडेला पेन्सिलीच्या रंगाची झालर असते आणि हाताला रेटा द्यावा लागत नाही. पाते वाईट असेल तर साल येत नाही, भुगा येतो. लाकडाला चरे पडतात, मूल जोर लावते आणि त्या जोरात शिसे मोडते. मग पुन्हा टोक, पुन्हा मोड. तासाभरात अर्धी पेन्सिल संपते आणि बोलणी मुलाला बसतात.

धार टिकायची तर पाते कडक केलेल्या कार्बन पोलादाचे असावे लागते. तशा पोलादाला गंज चढतो. म्हणून रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत लालसर पडलेले पाते गुरुग्रामच्या कोरड्या हवेत बरीच वर्षे चकचकीत राहू शकते. जुलै ते सप्टेंबरचा घाम आणि दप्तरात सांडलेली पाण्याची बाटली हे तिथले शत्रू.

टिकाऊपणाचा खरा प्रश्न यापुढचा आहे : पाते बोथट झाले की काय करायचे? ते बोथट होणारच. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळलेली असते आणि माती धार खाते. ज्याचे पाते स्क्रू काढून बदलता येते आणि सुटे पाते विकत मिळते, तोच शार्पनर टिकाऊ म्हणावा. पाचेक रुपयांच्या प्लॅस्टिकच्या शार्पनरला स्क्रू असतोच, पण त्याचे आटे प्लॅस्टिकमध्ये कोरलेले असतात. एकदोनदा उघडले की ते झिजतात आणि पाते डुलायला लागते. शिवाय अशा शार्पनरचे सुटे पाते सहसा दुकानात मिळत नाही. तो वाईट आहे असे नाही. तो संपणारा आहे, काडेपेटीसारखा, आणि त्याच हिशेबाने घ्यावा. वर्षाला डझनभर घेऊन आपण काटकसर करतो असे समजू नये.

मूठ. धातूच्या शार्पनरांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आणि पितळेचे अशी दोन घराणी आहेत. मॅग्नेशियमची घनता सुमारे १.७४, पितळेची साडेआठच्या आसपास; म्हणजे त्याच मापाचा पितळी शार्पनर जवळजवळ पाचपट जड. पहिल्या हाताळणीतच हा फरक कळतो. मॅग्नेशियमच्या शार्पनरचे एक गुपित रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ठाऊक असते. तो मिठाच्या पाण्यात टाकला की त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात. पोलादी पाते आणि मॅग्नेशियमचा ठोकळा यांची बॅटरी तयार होते. पाते वाचते आणि ठोकळा खाल्ला जातो. प्रयोग म्हणून उत्तम, पण समुद्रकाठच्या घरात तो हळूहळू आपोआप चालू असतो. तिथे पितळ घ्यावे. गुरुग्रामला मॅग्नेशियम पुरते, फक्त लिंबाच्या लोणच्याच्या डब्याशेजारी दप्तरात कोंबू नये. घरात मुलाला रोज हवा तो हलका, आणि चित्रकाराच्या टेबलावर ठेवायचा तो जड, हा साधा विवेक.

भोकाचे मापही पाहावे. नेहमीची षट्‍कोनी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते, बालवाडीची जाड तिकोनी पेन्सिल १० च्या पुढची. एका भोकाच्या शार्पनरमध्ये दुसरी पेन्सिल एकतर शिरत नाही किंवा लडबडते, आणि लडबडणाऱ्या पेन्सिलीला सरळ टोक येत नाही. घरात बालवाडी आणि तिसरी अशी दोन मुले असतील तर दोन भोकांचा घ्यावा. डावखुऱ्या मुलांसाठी उलट्या पात्याचे शार्पनर निघतात. भारतातल्या साध्या दुकानात ते क्वचित दिसतात, पण मागितल्याशिवाय दुकानदार ठेवणारही नाही.

पारख. पूर्वी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर शार्पनर हातात घेऊन बघता येई. सदर बाजारात आजही येतो. उजेडाकडे धरावा, पाते आणि शंकू यांच्यात फट सारखी दिसली पाहिजे, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी नको. नख धारेवर घासू नये, कडेने हलकेच टेकवावे. स्क्रूच्या डोक्यावरची खाच चुरगळलेली नसावी. खिशात एक पेन्सिल ठेवून दोन फेरे मारून पाहावे. चांगला दुकानदार हरकत घेत नाही. पण सोसायटीतल्या घरात शाळेच्या आदल्या रात्री साडेनऊला शार्पनर हरवल्याचे कळते, तेव्हा बाजार कुठला? ब्लिंकिटसारख्या झटपट पोचवणाऱ्या सेवेचे मुख्यालयच गुरुग्रामला आहे, आणि पेन्सिल-शार्पनर मिनिटांत दारी येतो. अडचणीला ती सोय मोठी, पण फोनच्या पडद्यावर धार दिसत नाही, डबीचा रंग दिसतो. म्हणून रात्रीची खरेदी ही मलमपट्टी समजावी आणि कायमचा शार्पनर दिवसा, उजेडात घ्यावा.

वर्गासाठी. इथे हिशेब बदलतो. सीबीएसईच्या शाळेत एका तुकडीत साधारण ४० मुले. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा. प्रत्येक मुलाने दिवसाला दोनदा टोक काढले तर एका वर्गात वर्षाला १६,००० वेळा. एवढे काम एका पात्याने करू नये. वर्गात दांडा फिरवायचे, टेबलाच्या कडेला पकडीने आवळायचे यंत्र बरे. त्याच्या आत सपाट पाते नसते, दंडगोलावर मळसूत्री धारा कोरलेली पोलादी कातर असते. काहींत एक, काहींत समोरासमोर दोन. दांडा फिरला की कातर पेन्सिलीभोवतीही फिरते आणि स्वतःभोवतीही, सूर्याभोवतीच्या ग्रहासारखे. म्हणून याला जुन्या काळी ग्रहयंत्र अशा अर्थाचे नावही होते. जपानच्या कार्ल कंपनीचे एंजल-५ हे एका कातरीचे, पत्र्याच्या अंगाचे यंत्र या जातीचा चांगला नमुना. त्यात पुढची पकड पेन्सिल धरते आणि टोक पुरे झाले की आपोआप ओढणे थांबवते. पकडीच्या दातांचे व्रण मात्र पेन्सिलीवर उमटतात, आणि नवी कोरी पेन्सिल घेऊन आलेल्या मुलीला ते आवडत नाहीत. तिची बाजू मला पटते.

यंत्र निवडताना कातर सुटी मिळते का आणि कीस साठवायचा खण मुलांच्या हाताने निघतो का, एवढेच विचारावे. दांड्याची प्लॅस्टिकची मूठ आधी तुटते, कातर नंतर बोथट होते; म्हणून दांडा धातूचा हवा. चाळीस सुट्या शार्पनरपेक्षा असे एक यंत्र शिस्तीलाही सोयीचे, कारण सुट्या शार्पनरचे पाते काढून पाहण्याचा मोह नवव्या-दहाव्या वर्षी अनावर असतो. पाते बदलणे हे मोठ्यांचे काम. निघालेले पाते कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून टाकावे. कचरा वेचणाऱ्याच्या बोटांना ब्लेड आणि शार्पनरचे पाते यांत फरक वाटत नाही.

कित्येकदा दोष शार्पनरचा नसतोच. स्वस्त पेन्सिलीत शिसे लाकडाच्या मधोमध बसलेले नसते. मग टोकाच्या एका बाजूला लाकडाची जीभ राहते आणि ती कोणत्याही पात्याने जात नाही. पेन्सिल फरशीवर पडली की शिसे आत तुकड्या-तुकड्यांत मोडते आणि प्रत्येक टोकाबरोबर एक तुकडा गळून पडतो. भारतीय पेन्सिलीचे लाकूड बहुतांशी पॉप्लरचे, त्यातले पुष्कळ काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून येते. तिथल्या उखू गावाला पेन्सिलींचे गाव म्हणतात. रेषा सरळ असल्या तर हे लाकूड लोण्यासारखे कापले जाते, गाठ आली तर तेच पाते अडखळते. म्हणून शार्पनरला नावे ठेवण्याआधी त्यात दुसरी पेन्सिल घालून पाहावी. भोकात मोडके शिसे अडकले असेल तर टाचणीने उकरू नये, धारेला खाच पडते. काडेपेटीतली काडी पुरते. रंगीत पेन्सिलींचे मेण पात्याला चिकटते; त्यावर साधी शिसपेन्सिल दोन फेरे फिरवली की पाते बरेचसे मोकळे होते.

एका ठिकाणी शार्पनरच बाजूला ठेवतात. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसणारी मुले लांब, बारीक टोकासाठी अजूनही ब्लेड किंवा कटर वापरतात. छायाभेदासाठी शिसे आडवे धरता यावे लागते आणि नेहमीच्या शंकूत ते तेवढे उघडे पडत नाही. अमेरिकन लेखक डेव्हिड रीज यांनी २०१२ मध्ये केवळ पेन्सिलीला टोक कसे काढावे यावर अख्खे पुस्तक लिहिले. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना ते दाखवले असते तर त्यांनी खांद्यावरच्या झोळीतून चाकू काढला असता.

निघालेल्या सालीचे काय करायचे, याबद्दल मुलांचे शास्त्र मोठ्यांपेक्षा समृद्ध आहे. साल दुधात उकळली की खोडरबर तयार होते, हा समज मराठी घरांतही होता आणि हिंदी मुलखातही ऐकू येतो. दुसरा समज असा की वहीत मोरपीस ठेवून त्याला साल खायला घातली की त्याला पिल्ले होतात. दोन्ही प्रयोगांसाठी सालीची अखंड, झालरदार फुले लागतात. बोथट पात्याचा भुगा चालत नाही, हे कोणत्याही सहा वर्षांच्या मुलाला माहीत असते.