सोडिअमच्या अणूची आकृती : २, ८, १ या आकड्यांचा इतिहास

माध्यमिक शाळेच्या विज्ञान विषयात अणूची आकृती काढणे हा नित्याचा पाठ होय. सोडिअमचा अणुअंक ११. मध्यभागी लहान वर्तुळ काढून त्यात ११ प्रोटॉन व १२ न्यूट्रॉन लिहावयाचे, त्याभोवती तीन समकेंद्री वर्तुळे काढावयाची आणि आतून बाहेर अनुक्रमे २, ८ व १ ठिपके मांडावयाचे. वर्तुळांची नावे के, एल, एम. आकृतीखाली बहुधा 'बोरचे अणुप्रारूप' असे शीर्षक असते. या शीर्षकास इतिहासाचा आधार कितपत आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नील्स बोर यांचा अणू व रेणू यांच्या रचनेवरील प्रबंध १९१३ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'च्या जुलै, सप्टेंबर व नोव्हेंबरच्या अंकांत तीन भागांत प्रसिद्ध झाला. पहिला भाग प्रामुख्याने हायड्रोजनचा. अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचा विचार दुसऱ्या भागात असून तेथे पहिल्या २४ मूलद्रव्यांचा तक्ता दिला आहे. त्यात सोडिअमपुढे आतून बाहेर ८, २, १ असे आकडे आढळतात. निऑनपुढे ८, २ आहेत. नायट्रोजनपुढे ४, ३. ऑक्सिजनपुढे ४, २, २. आणि फ्लोरीनपुढे ४, ४, १. आजच्या परीक्षेत ही उत्तरे लिहिणाऱ्यास गुण मिळणार नाहीत, मग ती खुद्द बोर यांची का असेनात.

बोर यांनी हे आकडे मनास येईल तसे मांडले नव्हते. सर्वांत बाहेरच्या वर्तुळातील संख्या पाहिल्या तर नायट्रोजनला ३, ऑक्सिजनला २ व फ्लोरीनला १ अशी त्या त्या मूलद्रव्याची संयुजाच समोर येते. वर्तुळांच्या स्थैर्याचे गणित निर्णायक उत्तर देईना, तेव्हा बोर यांनी रसायनशास्त्राच्या पुराव्याकडे पाहिले. मात्र अणू इलेक्ट्रॉन स्वीकारून आठाची संख्या पूर्ण करतो, ही कल्पना त्या तक्त्यामागे नव्हती. ती असती तर फ्लोरीनच्या बाह्य वर्तुळात १ नव्हे, ७ इलेक्ट्रॉन दिसले असते.

वर्तुळांची कल्पनाही बोर यांच्यापासून सुरू होत नाही. जे. जे. थॉमसन यांनी १९०४ मध्ये धनभारित गोलात इलेक्ट्रॉनांची समकेंद्री वर्तुळे कल्पिली होती व आवर्तितेचे कारण त्यांच्या मांडणीत शोधले होते. त्यासाठी त्यांनी आल्फ्रेड मेयर यांच्या १८७८ मधील प्रयोगाचा दाखला घेतला. बुचांत खोचलेल्या चुंबकीय सुया पाण्यावर तरंगत सोडल्या व वरून मोठा चुंबक धरला की त्या आपोआप वर्तुळाकार रचनेत स्थिरावतात. के व एल ही अक्षरे चार्ल्स बार्क्ला यांनी क्ष-किरणांच्या दोन प्रकारांसाठी १९११ मध्ये योजिली. आधी त्यांनी ए व बी ही अक्षरे वापरली होती. पुढे आणखी प्रकार सापडतील, या अपेक्षेने त्यांनी वर्णमालेच्या मधली अक्षरे निवडली. वाल्थर कॉसेल यांनी १९१४ मध्ये या किरणांचा संबंध आतल्या वर्तुळांतील रिक्त जागांशी जोडला, तेव्हा ही अक्षरे अणूच्या अंतरंगात आली.

२, ८, ८ ही विभागणी रूढ झाली ती मुख्यतः रसायनाच्या वाटेने. १९१६ मध्ये कॉसेल यांनी आयनांच्या व गिल्बर्ट ल्यूईस यांनी सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीच्या आधारे निष्क्रिय वायूंच्या रचनेचे महत्त्व दाखविले. ल्यूईस यांचा अणू तर घनाकृती होता आणि त्यातील इलेक्ट्रॉन कोपऱ्यांवर स्थिर होते! १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी अष्टकाची कल्पना विस्ताराने मांडली. १९२१ मध्ये चार्ल्स ब्युरी यांनी कवचांची कमाल धारणा २, ८, १८, ३२ आणि बाह्यतम कवचात आठांहून अधिक इलेक्ट्रॉन नाहीत, असा नियम दिला. बोर यांनीही १९२१–२२ मध्ये आपली मांडणी बदलली व सोडिअम २, ८, १ झाला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात या विभागणीसाठी बोर व ब्युरी अशी दोन्ही नावे आली, हे न्याय्यच म्हणावे लागेल. केवळ बोर यांचे नाव घातल्याने हे आकडे ग्रहगतीसारख्या गणितातून निघाले, असा विद्यार्थ्याचा समज होतो व रसायनशास्त्रज्ञांचा वाटा झाकला जातो.

आकृती स्थिरावते न स्थिरावते तोच, १९२६ पासून, पुंजयामिकीने निश्चित भ्रमणमार्गाची कल्पनाच सोडून दिली. संख्या टिकल्या, १९२५ मधील वोल्फगांग पाउली यांच्या तत्त्वाने त्यांना आधारही मिळाला. मराठीत 'कक्षा' व 'कवच' हे दोन्ही शब्द चालतात. त्यांपैकी 'कक्षा' खगोलशास्त्रातील असून त्यात फिरणे गृहीत आहे. 'कवच' फक्त आवरण सांगते. वर्तुळाचा अर्थ ऊर्जेची पातळी एवढाच घ्यावयाचा असल्याने दुसरा शब्द अधिक उचित ठरतो.

या आकृतीची मर्यादा पोटॅशिअमपाशी उघड होते. एम कवचाची धारणा १८ असूनही एकोणिसावा इलेक्ट्रॉन एन कवचात का जातो, हे वर्तुळे सांगत नाहीत. त्यासाठी एकाच कवचाचे एस, पी, डी असे उपकवच मानावे लागतात. त्यांत चौथ्या कवचाचे एस उपकवच तिसऱ्याच्या डी उपकवचाआधी भरते.